दिवसवाले सर

"अभ्यास तुमचा, दिवस माझा," असं म्हणून सर समोरच्या मुलाची कंपासपेटी बंद करायचे. हळूच नाही, टक्‌ असा आवाज येईल अशी. मुलाच्या हातात पट्टी असली तर ती बाहेरच राहायची. त्या आवाजानंतर गणित, भाषा, बुद्धिमत्ता यांतलं काहीही विचारायची सोय नसे. कोणी विचारलंच तर सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "ते मॅडमना विचार. मला येत नाही."

आणि खरंच येत नव्हतं, असं माझं निरीक्षण आहे. एकदा एका मुलीने त्यांच्यापुढे लसाविचं गणित धरलं. त्यांनी ते पुस्तक जवळ धरून, लांब धरून बराच वेळ पाहिलं आणि "छपाई स्वच्छ आहे" म्हणून परत दिलं.

तर अशा माणसाची एका प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये नेमणूक कशासाठी, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. मी कोणाला विचारला नाही, कारण मी तेव्हा कोणालाच काही विचारत नसे. माझं कॉलेज संपलं होतं, नोकरी लागत नव्हती आणि घरात बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा चार मुलांना इंग्रजी शिकव, असं आईचं म्हणणं होतं. मी भिंतीशीही बोलत नव्हते, हा भाग वेगळा.

क्लास स्वारगेटजवळच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर होता. पाचवीतली मुलं तिथे यायची. त्यांना सहावीपासून एका निवासी शाळेत जायचं असायचं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथेच, बारावीपर्यंत. जागा थोड्या, मुलं पुष्कळ आणि परीक्षा आयुष्यात एकदाच, पाचवीत असताना. त्या दिवशी चुकलं की विषय संपला. गणित आणि बुद्धिमत्ता मॅडम शिकवायच्या. क्लास त्यांचाच. सर हे त्यांचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, आता निवृत्त. आणि ते शिकवायचे तो दिवस. मुलं त्यांना 'दिवसवाले सर' म्हणायची.

त्यांचं तर्कशास्त्र असं होतं. चित्रकलेच्या शिक्षकाला परीक्षेच्या काळात तपासायला गठ्ठे नसतात, म्हणून शाळा त्याला सगळ्या पेपरांना पर्यवेक्षक म्हणून उभं करते. वर्गात वर्तमानपत्र वाचायचं नाही, डुलकी काढायची नाही. मग बघायचं काय? मुलं. नोकरीभर ते मुलांना पेपर लिहिताना बघत राहिले. कोण केव्हा पाणी मागतं, कोणाचे ओठ सुकतात, कोण पहिली दहा मिनिटं नुसतं नाव लिहीत बसतं. "येत नाही म्हणून अडलेली मुलं मी कमी बघितली," ते म्हणायचे. "येत असून बसून राहिलेलीच जास्त."

म्हणून दर रविवारी तालीम. मुलांनी परीक्षेला घालणार तेच कपडे घालून यायचं, त्या दिवशी खाणार तेच खाऊन यायचं आणि ज्या बसने जाणार त्याच बसने यायचं. वाघोलीहून येणाऱ्या एका मुलाचे वडील पहिल्याच आठवड्यात अभिमानाने म्हणाले की आम्ही अगदी वेळेत पोचलो, रस्ता मोकळा होता. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"परीक्षा कधी आहे?"

"शनिवारी."

"आज काय आहे?"

ते गृहस्थ पुढच्या शनिवारी कामावर रजा टाकून मुलाला घेऊन आले. क्लास बंद होता. सर मात्र जिन्यात उभे होते. किती उशीर झाला ते बघून "आता कळलं, घरातून कधी निघायचं?" एवढं विचारून त्यांनी दोघांना परत पाठवलं.

पालकांचा तास वेगळा. तो जिन्यात व्हायचा आणि त्याचा विषय होता निरोप. परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी आईवडिलांनी काय बोलायचं नाही, हे सर एकेक करून सांगत. 'नीट वाच' नाही. 'सगळं आठवतंय ना?' नाही. 'घाबरू नको' तर अजिबात नाही. "घाबरू नको म्हटलं की त्याला कळतं, इथे घाबरायचं असतं." मग बोलायचं काय, असं कोणीतरी विचारायचंच. त्यावर एकच वाक्य मंजूर होतं : जेवायला काय करू? मूल जे सांगेल ते ऐकायचं, वळायचं आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एक वडील वळायचे, चार पायऱ्या उतरायचे आणि परत मान वळवायचे. सर त्यांना परत वर बोलवायचे. ते इतक्या वेळा खाली-वर झाले की गिरणीवाले काका बाहेर येऊन म्हणाले, "अहो, डबा कुठला तुमचा? मी शोधून देतो."

दह्यासाखरेवर सरांचं विशेष लक्ष होतं. द्या, जरूर द्या, पण चमच्याने द्या, असा हुकूम. तळहातावर दिलं की मूल चाटतं, उरलेलं कपड्याला पुसतं आणि त्यातूनही उरलेलं उत्तरपत्रिकेला. ज्या परीक्षेत काळ्या पेनने गोल भरायचे आणि ते यंत्राने तपासायचे, तिथे साखरेच्या कणालाही मत असतं, असं ते गंभीरपणे सांगायचे. एका आजीबाईंना हे पटलं नाही. चमच्याने दही हे आजारी माणसाला देतात, त्या म्हणाल्या. सरांनी त्यांना दोन्ही हात जोडले आणि नातवाला ओला रुमाल आणायला सांगितलं.

खालच्या गिरणीचा आवाज ही त्यांना देणगी वाटायची. मॅडम खिडक्या लावायला गेल्या की ते अडवायचे. "शांतता मिळेल असं त्यांनी प्रवेशपत्रावर लिहिलंय का?" शिवाय तालमीत ते स्वतः भर घालायचे. मधेच पट्टी पाडायचे, दार आपटायचे, भलत्याच मुलाचं नाव पुकारायचे. आणि वेळ शिल्लक असताना एकदम ओरडायचे, "वेळ संपली, पेनं खाली!" मुलांनी दचकायचं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि लिहीत राहायचं.

या शेवटच्या युक्तीने मी यायच्या आदल्या वर्षी घात केला होता. ते मॅडमनी मला हसत हसत सांगितलं, पण तेव्हा त्या हसल्या नसणार. केंद्रावर खऱ्या पर्यवेक्षक बाईंनी खरोखर वेळ संपल्यावर वेळ संपली असं सांगितलं. आमच्या क्लासच्या मुलांनी शांतपणे भिंतीकडे पाहिलं. तिथलं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि त्यात भरपूर वेळ शिल्लक होता. मुलं गालातल्या गालात हसली आणि लिहीत राहिली. एकाने तर बाईंना डोळा मारला म्हणे. उत्तरपत्रिका ओढून घ्याव्या लागल्या. तेव्हापासून तालमीत एक कलम वाढलं : वर्गात शिरल्यावर आधी घड्याळ चालू आहे का ते बघा, आणि कोणी दुसऱ्यांदा सांगितलं तर ते खरं समजा.

पर्यवेक्षकाची भूमिका त्या वर्षी त्यांनी मला दिली. मी नाही म्हणाले. म्हणजे, मला वाटलं मी म्हणाले.

"आपण काही बोललात का?" सर म्हणाले. "मला वाटलं पंखा लावला कोणी."

त्यांचं म्हणणं असं की मी या कामाला जन्मजात योग्य होते. मी हसत नव्हते, बोलत नव्हते आणि वर्गात शिरले की मुलांना आपण काहीतरी चुकलोय असं वाटायचं. "तुमचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. पण बघणं पार शेवटपर्यंत पोचतं," ते म्हणाले. हे कौतुक होतं की कसं, हे मी घरी जाताना बसमध्ये ठरवत राहिले. मराठी आकडे मला साठच्या पुढे आठवून सांगावे लागतात. इंग्रजी शाळेचा परिणाम. आसनक्रमांक वाचताना मी अडले की सर मागून पुरवायचे, "एकोणऐंशी. घाबरू नका, तोही आपलाच आहे."

आता सानियाबद्दल सांगायला हवं, कारण त्या वर्षीच्या सगळ्या तालमी शेवटी तिच्याच होत्या.

सानिया गंज पेठेतून यायची. वडील पडदे शिवायचे, आई घरी साड्यांना फॉल लावायची. निवासी शाळेचं वेड घरात फक्त सानियाला होतं. वडील 'बघू' म्हणायचे. आईने एकच सांगितलं होतं : यंदा लागला नंबर तर जा, नाही लागला तर गल्लीतली शाळा आहे आणि मग त्यावर बोलायचं नाही. सानिया तशीही बोलत नसे. क्लासमध्ये तिने आपणहून विचारलेला एकच प्रश्न मला आठवतो. तिथलं ग्रंथालय सुट्टीच्या दिवशी उघडं असतं का?

तिला सगळं यायचं. मॅडम म्हणायच्या, हिची काळजी नाही. काळजी होती ती मी तिच्या बाकाशी थांबले की. मी थांबले की तिचं पेन थांबायचं. डावा हात हळूच उत्तरपत्रिकेवर यायचा आणि मी हलेपर्यंत ती तशीच बसायची, श्वास धरून. प्रत्यक्ष परीक्षेत पर्यवेक्षक सही करायला, प्रवेशपत्र बघायला थांबतातच. आणि मूल भराभर लिहिणारं असलं तर जरा जास्तच थांबतात. एका रविवारी सरांनी मला डोळ्यांनी खूण केली : थांबा. मी थांबले. खाली दोन डबे दळून झाले तरी थांबले. तिने त्या पूर्ण वेळात एकही गोल भरला नाही. मला पाय उचलून पळून जावंसं वाटत होतं. माझ्या शेजारी कोणी येऊन उभं राहिलं की मी अजूनही मोबाइलवर लिहायची थांबते, त्यामुळे तिच्या त्या डाव्या हाताचं मला नवल वाटलं नाही.

सरांनी उपाय सुरू केले. आधी मॅडमना उभं केलं. पेन थांबलं. मग सानियाच्या आईला. पेन थांबलं. मग गिरणीवाल्या काकांना बोलावलं. ते आले, दोन्ही हात मागे बांधून अगदी हुबेहूब उभे राहिले आणि त्यांच्या बाहीवरचं पीठ उत्तरपत्रिकेवर सांडलं. पेन थांबलंच, शिवाय कागद बदलावा लागला. "तुम्ही चांगलं केलंत," सर त्यांना म्हणाले. "परत बोलावणार नाही."

त्यानंतर एक रविवार सर नुसते बाकावर बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वरून खालपर्यंत, आणि खालीच थांबले. मग सानियाला उठवलं, तोंड भिंतीकडे करायला लावलं आणि विचारलं, "या मॅडमच्या चपला कशा आहेत?"

तिने डावा हात भिंतीवर ठेवला. आता गेलं सगळं, असं मला वाटलं. मग भिंतीकडे बघत ती म्हणाली, "काळ्या. डाव्या पायाचा पट्टा तुटलाय. गोंदाने चिकटवलाय. गोंद बाहेर आलाय आणि त्याला धूळ लागलीय."

इतकं लांब ती कधीच बोलली नव्हती. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं. सर खूश होते.

"पर्यवेक्षक गुडघ्याच्या वर बघायचा नसतो," ते तिला म्हणाले. "वर सगळे सारखे. आठ्या आणि घड्याळ. खाली बघ. कुठेतरी शिवलेलं असतं, चिकटवलेलं असतं. ते बघून घे आणि पुढचा गोल भर."

तेव्हापासून माझ्या पायांना तालीम लागली. दर रविवारी वेगळी पादत्राणं घालून या, असा हुकूम. मी आईच्या चपला घातल्या, शेजारच्या ताईंच्या टाचेच्या घातल्या, वडिलांचे पावसाळी बूटसुद्धा घातले. सानिया मान खाली घालायची आणि पुन्हा लिहायला लागायची. पण सरांना तेवढ्याने भागत नव्हतं. तालीम संपली की ते तिला जिन्यात गाठायचे. "शिवण होती? दोरा कुठल्या रंगाचा?" रंग सांगता आला नाही तर ती तालीम धरली जायची नाही. मी एकदा धीर करून विचारलं की रंगाने काय फरक पडतो. ते म्हणाले, "रंग सांगितला तर तिने बघितलं. नाही सांगितला तर तिने नुसती मान खाली घातली. मान तर ती घालतच होती."

 त्या आठवड्यात घरी पाहुणे आले तेव्हा मी त्यांच्या चपलांकडे नीट बघून घेतलं आणि मग आत जाऊन सगळ्यांना चहा हवा का ते विचारलं. आई दचकली.

परीक्षेच्या दिवशी सर केंद्रावर जात नसत. तालमीचा माणूस प्रयोगाला आला की नट प्रेक्षकांना सोडून त्याच्याकडे बघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यातून त्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखायला लागले होते, क्लासचा जिनाही त्यांना जड जायचा. त्यांनी मला पाठवलं. थंडी होती, फाटकाशी गर्दी होती आणि चारी बाजूंनी 'नीट वाच', 'घाबरू नको' यांचा गजर चालला होता. त्यात आमच्या क्लासचे पालक तेवढे एखाद्या खानावळीतून आल्यासारखे जेवणाबद्दल बोलत होते.

सानियाच्या आईचा आवाज हलत होता. पण वाक्य बरोबर आलं. "जेवायला काय करू?"

"खिचडी," सानिया तालमीतल्यासारखंच म्हणाली. "वर पापड." आणि आत गेली.

आई वळल्या आणि चालू लागल्या. मागे पाहिलं नाही. थांबल्याही नाहीत. थोड्या वेळाने मला कळलं की त्यांनी परतीच्या वाटेच्या उलट रस्ता धरलाय. मी शोधत गेले तर त्या शाळेच्या मागच्या बाजूला, रसाच्या गुऱ्हाळापाशी सापडल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सर म्हणाले होते मागे बघायचं नाही. मग वळणार कशी?"

पेपर संपल्यावर आम्ही सगळे क्लासवर आलो. सर खाली गिरणीतल्या बाकड्यावर बसले होते, मांडीवर कोणाचातरी पिठाचा डबा घेऊन. मुलं एकदम सुरू झाली : अमका प्रश्न चुकीचा होता, तमका सोपा होता. सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सानिया सगळ्यांच्या मागे उभी होती. बाकीचे वर गेल्यावर ती पुढे आली.

"बाई थांबल्या होत्या," ती म्हणाली. "खूप वेळ. प्रवेशपत्र हातात घेऊन."

सरांनी कानांवरचे हात काढले. "मग?"

"वहाणेचा अंगठा शिवला होता."

"दोरा कुठल्या रंगाचा?"

"पांढरा. वहाण तपकिरी होती, तरी पांढरा."

सरांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.  मग ते म्हणाले, "शिवणाऱ्याकडे तपकिरी संपला असेल. जा, खिचडी गार होईल."

पहिल्या निकालात तिचं नाव नव्हतं. ती क्लासकडे फिरकली नाही. तिच्या आई फक्त एकदा येऊन गेल्या आणि सरांना म्हणाल्या की पोरगी नीट जेवते आहे, रडली नाही. सरांनी दोनदा विचारलं, खरंच नाही? मग म्हणाले, "तिचा दिवस चुकला नव्हता. थोडं थांबा." हे ते तिच्या आईला सांगत होते की स्वतःला, हे मला ठरवता आलं नाही. दुसऱ्या फेरीत सानियाचा नंबर लागला, तेव्हा जून उजाडला होता. मी सरांना फोन केला. ते "हं" म्हणाले. थोड्या वेळाने परत "हं" म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांगा, वसतिगृहात चपला बदलतात. खूण करून ठेव म्हणावं."

फोन करावा लागला, कारण सर तेव्हा पुण्यात नव्हते. मे महिन्यात त्यांची मुलगी त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. एकटं राहण्यासारखे गुडघे राहिले नव्हते. त्यांना निरोप द्यायला कोणी यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. क्लास स्वारगेटच्या बसस्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ होता, म्हणून मी सहज म्हणून गेले.

बस लागली होती. मुलगी सामान ठेवायला आत चढली. सर खाली उभे होते, हातात काठी. मला खूप काही बोलायचं होतं आणि नेहमीसारखं त्यातलं काही बाहेर येत नव्हतं. शेवटी जे एक वाक्य मंजूर होतं तेच मी म्हणाले.

"कोल्हापूरला जेवायला काय आहे?"

"आमटी-भात," ते म्हणाले. "तिला दुसरं येत नाही."

त्यापुढे मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी खाली बघितलं. कंडक्टरने घंटी वाजवली. सर हलले नाहीत.

"शिवण आहे?"

मी मान हलवली.

"दोरा कुठल्या रंगाचा?"

"काळा," मी म्हणाले. "आणि टाचेपाशी एकच टाका निळा."

"पोचला आवाज," सर म्हणाले. "निघा आता. मी चढेपर्यंत थांबायचं नाही."

मी वळले आणि चालू लागले. मागे बघितलं नाही. फलाट संपला, गर्दी संपली, रस्ता ओलांडला, तरी चालत राहिले. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की माझा बसस्टॉप मागे राहिला होता.